कीबोर्डमधली पेटी खरी किती?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात माझा एक निकाल फारच चांगला आला होता. इतका चांगला, की मी रात्री अकरा वाजता गाईड मॅडमना त्याचा आलेख पाठवून दिला. काम तसं साधं होतं. एकच सूर ऐकून तो कुठल्या वाद्याचा आहे, हे संगणकाने ओळखायचं. पेटी, बासरी, सतार, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट अशी पाच वाद्यं घेतली होती. चाचणीतले जवळपास सगळेच सूर माझा प्रोग्रॅम बरोबर ओळखत होता.

सकाळी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: "छान. पण हे सूर आणलेस कुठून?"

आणले होते लॅबमधल्या कीबोर्डवरून. वादक शोधा, त्यांच्या वेळा जुळवा, शांत खोली मिळवा, एवढं सगळं करण्यापेक्षा कीबोर्डवर 'हार्मोनियम' निवडायचं आणि पट्ट्या दाबत जायचं. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा. म्हणजे दर वाद्याचे १११ सूर, एका दुपारीत. मला वाटलं, मी हुशारी केली.

मग मॅडमच्या सांगण्यावरून जवळच्या गायनवर्गातली जुनी डबल रीडची पेटी ध्वनिमुद्रित केली आणि तीच प्रोग्रॅमला ऐकवली. त्याने बहुतेक सूर क्लॅरिनेटचे ठरवले.

चूक कुठे झाली हे शोधायला मला कीबोर्ड आतून कसा चालतो हे शिकावं लागलं. ते आधी शिकलो असतो तर दोन महिने वाचले असते. तुमच्यापैकी कुणी आवाजावर काम करणार असाल तर तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. आवाजाशी संबंध नसला तरी शेवटचा भाग वाचाच.

आधी शब्दांचा घोळ

'सॅम्पल' हा शब्द या विषयात दोन अर्थांनी येतो. मायक्रोफोनमधून आलेली विजेची लहर ठरावीक अंतराने मोजतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० वेळा. त्यातलं प्रत्येक मोजमाप म्हणजे एक आकडा, आणि त्या आकड्यालाही सॅम्पल म्हणतात. आणि असे लाखो आकडे मिळून झालेल्या अख्ख्या ध्वनिमुद्रणालाही, म्हणजे 'पेटीचा एक सूर' यालाही, सॅम्पलच म्हणतात. संख्याशास्त्रातलं सॅम्पल हे तिसरंच. या लेखात एका मोजमापाला मी 'आकडा' म्हणेन आणि अख्ख्या ध्वनिमुद्रणाला 'सॅम्पल'.

सॅम्पलवर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये तार नसते, रीड नसते, भाता नसतो. असते ती मेमरी, तिच्यात साठवलेली सॅम्पल्स, आणि ती कशी वाचायची याचे नियम. पट्टी दाबली की दोन गोष्टी कळवल्या जातात: कुठली पट्टी, आणि किती वेगाने दाबली. वेग मोजायची युक्ती साधी आहे. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, यावरून वेग काढतात आणि १ ते १२७ मधला आकडा देतात. बोलीत आपण 'किती जोरात वाजवलं' म्हणतो, पण कीबोर्ड मोजतो तो वेग.

प्रत्येक पट्टीचं वेगळं सॅम्पल का नसतं?

सुरुवात तशीच झाली होती. १९६३ साली इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा स्वतंत्र तुकडा होता. पट्टी दाबली की टेप पुढे सरकायची, सुमारे आठ सेकंदांनी संपायची. सूर त्याहून जास्त वेळ धरताच यायचा नाही.

आकड्यांच्या रूपात हे करायचं तर अडचण मेमरीची. हिशोब करून बघा. एका आकड्याला २ बाइट, सेकंदाला ४४,१०० आकडे, १० सेकंदांचा सूर, म्हणजे ८,८२,००० बाइट. पियानोच्या ८८ पट्ट्या आणि दाबण्याच्या वेगाचे चार थर घेतले तर ३५२ सॅम्पल्स, म्हणजे साधारण ३१० मेगाबाइट. तेही स्टिरिओ नाही, आणि एकाच वाद्याचं. आज हे किरकोळ वाटतं. पण १९७९ साली सिडनीत तयार झालेल्या फेअरलाइट सीएमआयमध्ये दर सुरासाठी १६ किलोबाइट मेमरी होती. १९८८ सालच्या कॉर्ग एम-१ या अफाट खपलेल्या कीबोर्डमध्ये सगळी वाद्यं मिळून ४ मेगाबाइटमध्ये बसवली होती.

त्यामुळे दोन काटकसरी आल्या: थोडी सॅम्पल्स ताणून सगळ्या पट्ट्यांना पुरवायची, आणि लहान सॅम्पल गोल फिरवून लांब करायचं. मेमरी स्वस्त झाली तरी या दोन्ही काटकसरी पूर्ण गेलेल्या नाहीत. कमी किमतीच्या कीबोर्डमध्ये तर सर्रास दिसतात.

ताणणं

समजा मधल्या सप्तकातली पांढरी एक ध्वनिमुद्रित केली आहे. तिची कंप्रता २६१.६ हर्ट्‌झ. मला काळी एक हवी आहे, म्हणजे २७७.२. या दोघींचं गुणोत्तर १.०५९५. कुठल्याही लागून असलेल्या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर हेच असतं, कारण सप्तक बारा समान गुणोत्तरांत वाटलेलं आहे.

मग कीबोर्ड तेच सॅम्पल १.०५९५ पट वेगाने वाचतो. पूर्वी कॅसेट भरभर पळवली की आवाज बारीक व्हायचा, अगदी तसंच. फक्त मेमरीत एक अडचण येते. पहिल्या घरानंतर वाचायचंय २.०५९५ वं घर, आणि असं घर तर नाहीच. मग आजूबाजूच्या घरांवरून अंदाज बांधायचा. दुसऱ्या घरात १०० आणि तिसऱ्यात २०० असतील, तर २.०६ या जागी १०६ धरायचे. यालाच इंटरपोलेशन म्हणतात. दोनच घरं बघून केलेला हा सगळ्यात साधा प्रकार झाला. चांगली यंत्रं जास्त घरं बघतात, म्हणून त्यांचा आवाज कमी खरखरीत येतो.

एक-दोन पट्ट्या ताणलं तर कानाला पत्ता लागत नाही. जास्त ताणलं की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, वेळ. सूर एक सप्तक वर नेला तर सॅम्पल निम्म्या वेळात संपतं. त्यातली प्रत्येक हालचाल दुप्पट वेगाने होते. व्हायोलिनवादकाने मुद्रणाच्या वेळी सेकंदाला ५ वेळा सूर हलवला असेल, तर चार पट्ट्या वर तोच सूर ६.३ वेळा हलतो.

दुसरी, वाद्याचं अंग. सतारीचा भोपळा, व्हायोलिनची पेटी किंवा गाणाऱ्याचं तोंड काही ठरावीक कंप्रता उचलून धरतं. सूर बदलला म्हणून भोपळा लहान होत नाही. समजा 'आ' म्हणताना गायकाचं तोंड ७०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग उचलतं. सॅम्पल चार पट्ट्या वर ताणलं की हा उचललेला भागही ८८० च्या पुढे जातो. कानाला वाटतं, माणूस आक्रसला. कीबोर्डवरचे समूहस्वर वरच्या पट्ट्यांत बालवाडीसारखे ऐकू येतात ते यामुळे.

तिसरी, खोट्या कंप्रता. सेकंदाला ४४,१०० आकड्यांत २२,०५० हर्ट्‌झपर्यंतच्याच कंप्रता मावतात. सॅम्पलमधली १५,००० हर्ट्‌झची किणकिण एक सप्तक वर नेली की ती ३०,००० व्हायला हवी. तिला जागा नाही. वेळीच गाळली नाही तर ती दुमडून १४,१०० ला येऊन बसते, जिथे मूळ वाद्यात काहीच नव्हतं.

हे टाळायला कीबोर्ड बनवणारे दर काही पट्ट्यांनी नवं सॅम्पल ठेवतात. म्हणजे चार-पाच लागून असलेल्या पट्ट्यांचं एक कुटुंब, आणि त्या कुटुंबाचा मूळपुरुष एकच.

फिरवणं

दुसरी काटकसर म्हणजे लूप. सुराची सुरुवात एकदाच वाजते, मग मधला एखादा स्थिर तुकडा पट्टी सोडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला जातो. तुकड्याचा शेवट आणि सुरुवात नीट जुळली नाही तर दर फेरीला 'टक्' असा आवाज येतो. म्हणून लहर शून्यावरून जाते तिथे सांधा लावतात, किंवा शेवटचा भाग सुरुवातीच्या भागात हळूहळू विरघळवतात.

सुरुवातीला हात लावत नाहीत याला कारण आहे. वाद्य ओळखताना कान सुराच्या पहिल्या काही क्षणांवर बराच विसंबतो. फुंकेचा झटका, नखीचा टणत्कार, गजाची खरखर. १९६४ साली साल्डान्हा आणि कोर्सो यांनी वाद्यांच्या सुरांचे वेगवेगळे भाग ऐकवून हे तपासलं होतं. सुरुवात काढून टाकली की लोकांचं ओळखणं घसरतं. १९८७ सालच्या रोलंड डी-५० ने यावरच आपली रचना बेतली. सुरुवात खऱ्या वाद्याच्या छोट्या सॅम्पलची, आणि पुढचा लांब सूर यंत्राने स्वतः तयार केलेला. अपुऱ्या मेमरीवर शोधलेला हा उपाय मला अजूनही फार आवडतो.

घडवणं

इथपर्यंत झालं ते 'मुद्रित'. आता येतं ते 'गणित'. ताणून, फिरवून मिळालेला आवाज कच्चा माल असतो. त्यावर तीन मुख्य संस्कार होतात.

एन्व्हलप ठरवतो की आवाज काळाबरोबर कसा चढेल-उतरेल. त्याचे चार भाग: शून्यावरून पूर्ण जोराला पोचायला लागणारा वेळ, तिथून खाली यायला लागणारा वेळ, पट्टी धरून ठेवली असताना टिकणारी पातळी, आणि सोडल्यावर विरायला लागणारा वेळ. परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट: यातले तीन वेळा आहेत, तिसरा मात्र पातळी आहे. पेटीला पट्टी सोडताच आवाज जवळजवळ थांबतो, म्हणून शेवटचा वेळ अगदी कमी. तेच पेटीचं सॅम्पल घेऊन पहिला आणि चौथा वेळ दोन-दोन सेकंद केला, की पेटी जाऊन देवळाच्या गाभाऱ्यातून उमटल्यासारखा आवाज येतो.

फिल्टर वरच्या कंप्रता गाळतो. तोंडावर हात धरून बोलून बघा, साधारण तसं. पियानो जोरात वाजवला की आवाज नुसता मोठा होत नाही, जास्त चमकदारही होतो. त्यामुळे पट्टी जितकी वेगाने दाबाल तितका फिल्टर उघडायचा, असा नियम लावतात. चांगल्या कीबोर्डमध्ये हळू आणि जोरात वाजवलेली सॅम्पल्सच वेगळी असतात.

तिसरा संस्कार मंद लहरीचा, ज्याला एलएफओ म्हणतात. सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारी ही लहर स्वतः ऐकू येत नाही, ती दुसऱ्या कशाला तरी हलवते. सुराला जोडली तर सूर थरथरतो, आवाजाच्या जोराला जोडली तर जोर कमी-जास्त होतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे तीच कामाला येणार आहे. एलएफओने आणलेली थरथर साधारणपणे सगळ्या पट्ट्यांवर सारख्याच वेगाची असते, कारण ती नंतर लावलेली आहे. सॅम्पलमध्येच मुद्रित झालेली थरथर मात्र पट्टीगणिक वेगवान होत जाते.

आपल्या संगीतात उघडं पडतं

हे सगळं पियानोला चालून जातं, कारण पियानोचा सूर एकदा निघाला की बदलत नाही. आपली मींड तशी नाही. कीबोर्डवर मींड घ्यायची तर डावीकडचं चाक फिरवायचं. मिडी या भाषेत त्या चाकाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, आणि एरवी ते चाक सूर वर-खाली दोन-दोन पट्ट्या नेतं. सा पासून ग पर्यंत जायचं तर मर्यादा आधी वाढवून घ्यावी लागते. पायऱ्या भरपूर आहेत, प्रश्न तो नाही. खऱ्या सतारीत तार ओढली जाते, भोपळा जागेवर राहतो. चाक फिरवल्यावर तारेबरोबर भोपळाही सरकतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

तबल्याचं दुखणं वेगळं. तिथे 'ना', 'तिं', 'धा' वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. द्रुत लयीत तोच 'ना' आठ वेळा आला की आठही हुबेहूब एकच. माणसाचे दोन 'ना' कधीच तंतोतंत सारखे नसतात. उपाय म्हणून एका बोलाची तीन-चार सॅम्पल्स ठेवून ती आळीपाळीने वाजवतात.

आणि पेटी? खऱ्या पेटीत पट्टी किती वेगाने दाबली याचा आवाजाच्या जोराशी फारसा संबंध नसतो. जोर ठरवतो भात्याचा हात. कीबोर्डवर मात्र जोर पट्टीच्या वेगावर. म्हणजे वाद्याचा श्वास जिथून येतो, तो नियमच बदलला.

परत माझ्या १११ सुरांकडे

मी काय केलं होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आधी तीन वेगांचं बघितलं. त्या कीबोर्डवर पेटीला वेगाचे वेगळे थर नव्हतेच, वेगाने फक्त आवाज लहान-मोठा होत होता. आणि मी तर प्रोग्रॅमला देण्याआधी सगळ्या सुरांचा जोर सारखा करून घेत होतो. म्हणजे तिन्ही मुद्रणं एकच. १११ चे झाले ३७.

मग पट्ट्या. डबल रीडच्या पेटीत दोन रीड किंचित वेगळ्या सुरांत असतात, त्यामुळे लांब सुरात आवाज हलकेच वर-खाली होतो. खऱ्या पेटीत हा हेलकावा प्रत्येक पट्टीचा आपापला असतो, कारण प्रत्येक पट्टीच्या रीडा वेगळ्या. मी कीबोर्डच्या ३७ पट्ट्यांचे हेलकावे मोजले आणि आलेख काढला. पट्टीमागून पट्टी हेलकाव्याचा वेग जवळपास ६ टक्क्यांनी वाढत जायचा, पाच-सहा पट्ट्यांनी एकदम दुसऱ्याच आकड्याला उडी, आणि पुन्हा तीच चढण. करवतीच्या दात्यांसारखा आलेख. दाते मोजले: सात.

१११ नमुने म्हणून मी जे मिरवत होतो, ती सात ध्वनिमुद्रणं होती. सातही बहुधा एकाच पेटीची, एकाच मायक्रोफोनसमोरची.

पुढची चूक यातूनच आली. १११ सूर मी चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले होते, काही शिकवायला, काही चाचणीला. पांढरी एक शिकवण्यात गेली, काळी एक चाचणीत. दोन्हींचा मूळपुरुष एकच. प्रोग्रॅमने पेटी ओळखायला शिकलंच नव्हतं. त्याने ती सात मुद्रणं पाठ केली होती, आणि परीक्षेत मी तेच प्रश्न थोडे ताणून विचारत होतो. पाठ करणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळाले यात नवल काय!

उपाय करायला फार अक्कल लागत नाही, फक्त कष्ट लागतात. एका मूळ मुद्रणातून निघालेलं सगळं एकाच बाजूला ठेवायचं, शिकवण्यात तरी किंवा चाचणीत तरी. त्याहून बरं म्हणजे अख्खं वाद्यच एका बाजूला: या पेटीवर शिकवा, त्या पेटीवर तपासा. तसं केल्यावर माझा निकाल धाडकन खाली आला. तो आकडा प्रबंधात आहे, आणि पहिल्यापेक्षा मला तोच जास्त विश्वासाचा वाटतो.

कीबोर्ड वाईट, असं मी म्हणत नाही. सूर नेमका किती हर्ट्‌झचा हवा, किती वेळ हवा, हे हातात ठेवायचं असेल तर त्याच्यासारखं साधन नाही. श्रवणाचे प्रयोग करताना मी तो आजही वापरतो. फक्त आधी विचारतो: माझ्या मोजमापातला कुठला भाग वाद्यातून आला, आणि कुठला भाग यंत्राच्या नियमांतून?

तुमच्याकडे कीबोर्ड असेल तर आज एक करून बघा. समूहस्वराचा आवाज निवडा, रिव्हर्ब आणि कोरस बंद करा, आणि खालून वर एकेक पट्टी पाच-पाच सेकंद धरा. थरथरीकडे कान ठेवा. ती हळूहळू वेगवान होत जाऊन मध्येच एकदम मंदावली, की समजा तिथे एक कुटुंब संपलं आणि दुसरं सुरू झालं. सीमा मोजा. मग तुमच्या स्वतःच्या डेटाकडे वळा, तो आवाजाचा असो, मातीचा असो, की सर्वेक्षणाचा. तुमच्या नमुन्यांपैकी खरोखर वेगळे किती, आणि एकाच मूळपुरुषाची ताणलेली लेकरं किती?

हा प्रश्न गाईडने विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारलेला बरा. रात्री अकरा वाजता आलेख पाठवण्याआधी तर नक्कीच.